दुर्बीण आणि कॅमेरा: पेचकस हातात घेण्याआधी

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय बऱ्याच घरांत कपाटात पडून आहे: बिघडलेली दुर्बीण आणि बिघडलेला कॅमेरा.

आता माळशिरसमध्ये बसून हा विषय का? कारण आपल्याकडे ही दोन्ही यंत्रं राबतात. आषाढी वारीत माऊलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर. पुरंदावड्याला गोल रिंगण होतं. अश्व धावतात, धूळ उडते, वरून पावसाची भुरभुर. अशात कुणी लेन्स बदलली की धूळ थेट कॅमेऱ्याच्या पोटात. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हा दुर्बिणी बाहेर निघतात. जिल्ह्यात नान्नजला १९७९ पासून माळढोक अभयारण्य आहे, आणि मारुती चितमपल्ली तर सोलापूरचेच. म्हणजे पक्षी बघायची हौस आपल्या मातीतली आहे.

पण वस्तू बिघडली की तालुक्याला दुरुस्त करणारा सापडत नाही. पुण्याला पाठवायची, वाट बघायची. नाहीतर घरीच पेचकस घेऊन बसायचं. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे बग शोधणं आणि बग काढणं ही दोन वेगळी कामं धरतात. इथंही तेच करायचं. बिघाड नक्की कुठं आहे ते आधी शोधा. त्याला बहुतेक वेळा पेचकस लागतच नाही.

दुर्बीण: दोन दिसतंय की धूसर दिसतंय?

ओळखीतल्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगतो. दुर्बिणीतून पाचेक मिनिटं बघितलं की त्यांचं डोकं दुखायचं. चष्मा बदलला, फरक नाही. मग "वय झालं आता" म्हणून त्यांनी पाणवठ्यावर जाणंच सोडलं. दुर्बीण कधीतरी मोटारसायकलवरून पडली होती, पण काच फुटली नव्हती, म्हणून तिच्यावर कुणाला संशय आला नाही.

झालं काय होतं? दुर्बिणीच्या दोन नळ्यांत काचेचे लोलक असतात. धक्क्यानं एक लोलक किंचित सरकला की दोन्ही नळ्या वेगळ्या दिशेला बघायला लागतात. आपला मेंदू ती दोन चित्रं जुळवायचा प्रयत्न करत राहतो. आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, पण एक चित्र वर आणि एक खाली असलं की त्यांना फार ताण पडतो. डोकेदुखी तिथून येते.

हे घरी तपासता येतं. दुर्बीण स्टँडवर किंवा कठड्यावर घट्ट टेकवा. दूरची आडवी रेघ धरा, म्हणजे विजेची तार किंवा पत्र्याची कड. फोकस करा आणि मग डोळे हळूहळू वीतभर मागे घ्या. एकाऐवजी दोन गोल दिसू लागतील. दोन्हींत तार एकाच उंचीवर असेल तर ठीक. एकीकडे वर, दुसरीकडे खाली असेल तर लोलक हललाय. आणि हो, सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखायची नाही.

पण त्याआधी डायॉप्टर बघा. उजव्या डोळ्याच्या भिंगाला बहुधा एक फिरणारं कडं असतं. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि फक्त ते कडं फिरवून उजव्याला स्पष्ट करा. नुसतं धूसर दिसत असेल तर बऱ्याचदा इथंच काम संपतं.

गुरुजींची दुर्बीण जुन्या पद्धतीची, खांदे रुंद असलेली पोरो होती. अशा बऱ्याच दुर्बिणींत रबराच्या कडेखाली लोलक हलवायचे बारीक स्क्रू असतात. मूळ जागेची खूण केली, दुर्बीण स्टँडवर बांधली आणि तारेकडे बघत एकेक स्क्रू अगदी जरासा फिरवला. एका वेळी एकच. तासाभरात तार जुळली. गुरुजी परत पाणवठ्यावर जायला लागले. म्हणून म्हणतो, नीट शोध घेतल्याशिवाय दोष माणसाच्या वयावर टाकू नका.

सरळ नळ्यांची, नायट्रोजन भरलेली वॉटरप्रूफ दुर्बीण मात्र घरी उघडू नका. एकदा सील तुटलं की आत दमट हवा शिरणार.

कॅमेरा: डाग कुठं आहे?

फोटोत काळे ठिपके येतात, आणि लोक लेन्सची पुढची काच पुसत बसतात. पुढच्या काचेवरची बारीक धूळ अशी ठिपक्यांसारखी दिसत नाही. ठिपका बहुतेक वेळा सेन्सरवर असतो. एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. मग दुसरी लेन्स लावून पुन्हा काढा. ठिपका त्याच जागी राहिला तर सेन्सर.

सेन्सरवर चित्र उलटं पडतं. फोटोत वर ठिपका असेल तर समोरून बघताना धूळ खाली सापडेल. डावं-उजवं मात्र तसंच राहतं. बॅटरी पूर्ण भरा, मेन्यूतून सेन्सर क्लीनिंग निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि रबरी ब्लोअरनं हवा मारा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. डब्यातली दाबाची हवाही नको.

कॅननवर 'एरर ०१' आला तर घाबरू नका. त्याचा अर्थ लेन्स आणि कॅमेऱ्याचं बोलणं तुटलंय. लेन्सच्या मागचे सोनेरी टिकले स्वच्छ कोरड्या कापडानं पुसा. तरीही एरर आला तर दुसरी लेन्स लावून बघा. तिच्यावर चालला तर दोष लेन्समध्ये.

लग्नाचं कार्ड उडालं तर? ते लगेच कॅमेऱ्यातून काढा, एकही नवा फोटो काढू नका. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम कार्ड फक्त वाचतो. सापडलेल्या फायली कॉम्प्युटरवर ठेवा, परत त्याच कार्डावर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फ्लॅश असलेला कॅमेरा उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकतो. झटका जबर बसतो.

बुरशी

लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा उजेड पाडून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, म्हणून उशीर झाला तर साफ करूनही डाग राहतो. पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत काही ठेवू नका, चामडं ओलावा धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओलावा भरला समजा, वाळवून परत वापरा.

तर मंडळी, तुमच्याकडं काही बिघडलं असेल तर कळवा. फक्त "चालत नाही" एवढंच लिहू नका. मॉडेल कोणतं, कधीपासून, काय करताना बिघडतं आणि कोणती तपासणी करून पाहिली, ते लिहा. दुरुस्तीला पाठवतानाही हीच चिठ्ठी सोबत ठेवा, कारागिराचा वेळ आणि तुमचे पैसे वाचतील. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!