वाडीची हरकत मुदतीत पोहोचू द्या
(नवी मुंबईतील स्वयंसेवकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण उरण, पनवेल, पेणच्या आदिवासी वाड्यांवर सेवेसाठी जातात. औषधपेटी आणि मुलांची शिकवणी चालू ठेवा. आज त्यात आणखी एका कामाची भर घालायची आहे.

या तीन तालुक्यांतील १२४ गावांत कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर वसवण्याचे राज्य शासनाने ठरवले आणि २०२४ मध्ये ते काम एमएमआरडीएकडे सोपवले. त्याआधी मार्चमध्ये हरकती व सूचना मागवल्या होत्या. शेतकऱ्यांनी त्या हजारोंनी दिल्या. पण मार्चमध्ये आपल्या कातकरी वाड्या कशा असतात, हे तुम्ही पाहिले आहे. दिवाळीनंतर माणसे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दारांना कड्या असतात. नोटीस वाचणार कोण?

चिरनेरच्या २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहातील हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. तरी आजही अनेक कातकरी कुटुंबांच्या नावावर सातबारा नाही. घर त्यांचे, पण घराखालची जमीन वनखात्याची किंवा दुसऱ्याच्या मालकीची. नवी मुंबई वसताना साडेबारा टक्के भूखंड मिळाले ते जमीन गेलेल्या खातेदारांना. ज्याच्या नावावर जमीनच नव्हती, तो त्या हिशोबात आलाच नाही. पुन्हा तसे होऊ नये.

१९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात आणि हरकत देणाऱ्यांची सुनावणी होते. म्हणून तयारी आत्ताच करू या.

पहिले, वाडीची माहिती लिहून ठेवा : घरे किती, सर्व्हे नंबर कोणता, विहीर, स्मशानभूमी, जंगलात जाणारी वाट आणि दळी जमीन कुठे. नकाशा आला की हे सारे त्यात दाखवले आहे का, ते पाहा.

दुसरे, कोणते कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले आहे, याची यादी व फोन नंबर ठेवा. नोटीस निघाली की निरोप तिथे पोहोचवा.

तिसरे, प्रत्येक घराचा स्वतंत्र अर्ज, साध्या मराठीत. सही किंवा अंगठा घ्या आणि कार्यालयाची पोच जपून ठेवा.

चौथे, वनहक्काचा दावा केला असेल तर त्याची प्रत जोडा. २००६ च्या कायद्यानुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कब्जातील वनजमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. दावा केलाच नसेल तर ग्रामसभेपुढे मांडायला मदत करा.

काय मागायचे, हे मात्र वाडीनेच ठरवावे. कोणाला रस्ता आणि नळ हवा असेल, कोणाला जंगल राखून हवे असेल. आपण लिहून द्यावे, सुनावणीला सोबत जावे. बोलतील ते.

गणनाच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली साऱ्या मंडळीसमोर उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात. देव म्हणतो, त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि पुढे सर्वांसाठी तसा नियम होतो. त्या बोलल्या म्हणून झाला.

येत्या रविवारी वाडीवर जाताना वही आणि पेन घेऊन जा. सुरुवात घरे मोजण्यापासून करा.