दोर, काठी आणि गाठ

खेड्यातल्या मुलाला दोराची ओळख शाळेने करून द्यावी लागत नाही. आपल्या गंगापूर तालुक्यातलेच पाहा ना. पोळ्याला बैलांना नवी वेसण, नवा कासरा. एरवी गाईचे दावे, गाडीवरचा कडबा आवळायचा नाडा, विहिरीवरचा पोहरा. पूर्वी हे दोर अंबाडीच्या नाहीतर घायपाताच्या वाखाचे, गावातच वळले जात. मातंग कारागिरांचा तो पिढीजात धंदा. आता बाजारातून नायलॉनचा दोर येतो. तो मजबूत खरा, पण गुळगुळीत. त्यावर गाठ सरकते. म्हणून गाठीपुढे वीतभर टोक मोकळे ठेवावे.

हा घरचा दोर शाळेच्या मैदानावर आणून त्याचे सांघिक खेळ कसे करावेत, ते आज सांगायचे आहे. कल्पना नवी नाही. बेडन पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर मुलांचे शिबिर भरवले, त्यात गाठी होत्या. आपल्याकडे १९५० साली भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. तिच्याही सुरुवातीच्या शिक्षणात गाठी आहेतच. पण गणवेश नसला म्हणून काही अडत नाही. आठ-दहा मुलेमुली, चार दोर आणि तीन बांबू एवढ्यावर भागते.

आधी एका गाठीबद्दल सांगतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. आपल्याकडे गोदावरी आहे, कायगावला प्रवरेचा संगम आहे, १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाचा फुगवटा आहे. शिवारात विहिरी आहेत, आणि आता शेततळी. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. पोहणाराही काठाशी येऊन वर चढू शकत नाही. अशा वेळी घाईत आपण दोराला सरकफास करून टाकतो. ओढले की तो छातीला आवळतो. तेथे न सरकणारा फास हवा. स्काउट तिला बोलाइन म्हणतात. मुलांना ती अशी सांगा : दोराचे टोक लांब दोरावरून घेऊन एक लहान कडे करा, ते वारूळ. लांब दोर म्हणजे झाड, आणि टोक म्हणजे साप. साप खालून वारुळातून वर येतो, झाडामागून वळसा घालतो आणि पुन्हा वारुळात शिरतो. आता आवळा. फास तेवढाच राहतो.

याचा खेळ कोरड्या जमिनीवरच करायचा. वीस-पंचवीस फुटांवर एक मुलगा गोणपाटावर बसवावा. गटातल्या एकाने फास बांधावा, दुसऱ्याने तो बसलेल्याच्या पलीकडे पडेल असा फेकावा. त्याने तो काखेखालून घ्यावा आणि बाकीच्यांनी ओढून आणावे. फास सरकला तर पुन्हा पहिल्यापासून. हाताला किंवा कमरेला दोर गुंडाळून कोणी ओढायचे नाही. आणि एक गोष्ट निक्षून सांगा : खरा प्रसंग आला तर मुलांनी पाण्यात उडी घ्यायची नाही. आधी मोठ्याने ओरडून माणसे गोळा करायची, काठावर आडवे होऊन दोर टाकायचा.

दुसरा खेळ गमतीचा, त्याला आम्ही चालता घोडा म्हणतो. आठ-दहा फुटांचे दोन बांबू शेंड्याशी बांधून खाली फाकवायचे आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर तिसरा आडवा बांधायचा. आडवा बांबू बांधताना दोर उभ्या बांबूवर अडकवून सुरुवात करावी, दोन्हींवरून तीन वेढे घ्यावेत, मग बांबूंच्या मधून दोन वेढे करकचून फिरवावेत. हे मधले वेढे मुले हमखास विसरतात, आणि घोडा तिथेच खिळखिळा होतो. शेंड्याला चार दोर बांधावेत, दोन पुढे, दोन मागे. एकाने आडव्यावर उभे राहायचे. तो डावीकडे कलला की उजवा पाय उचलतो, तेवढ्यात तो पुढे घालायचा. पुढचे ओढतील तसे मागच्यांनी दोर सोडायचा, पण ढिला पडू द्यायचा नाही. पहिल्यांदा सगळे एकदम ओरडतात, घोडा जागचा हलत नाही. मग आपोआप कोणीतरी एकच हुकूम देऊ लागतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, त्या वेळी आपण गप्प राहावे. हुकूम देणारा हा पुष्कळदा वर्गातला हुशार मुलगा नसतो. पाढ्यांत अडखळणारी, घरी जनावरे बांधणारी पोर इथे इतरांच्या हातातला दोर घेऊन, ‘अरे, असं नव्हं, असं,’ म्हणून दाखवते. तिला शिकवू द्या. जमल्यास एखाद्या शनिवारी गावातला दोर वळणारा जुना कारागीरच शाळेत बोलवा. वाखाला पीळ कसा देतात हे पुस्तकात सापडायचे नाही.

घोडा गवतावर नाहीतर नांगरलेल्या मऊ रानात चालवावा. वर उभे राहण्याची पाळी मुलींसह सगळ्यांना मिळावी. खेळाआधी दोर हातातून ओढून पाहावा. पेड तुटलेला असेल तर तो बाजूला काढावा. खेळ संपल्यावर गाठी सोडून, दोर सावलीत वाळवून, खुंटीला टांगून ठेवावेत. उंदरांपासून मात्र जपावे.