गाठ एकीकडे, त्रास दुसरीकडे



आमच्या एका गटात एक मावशी आहेत. बैठकीला कायम दाराजवळ बसायच्या. मला वाटायचं, घरी लवकर जायचं असेल. मग लक्षात आलं, तासाभरात त्या तीन वेळा उठतात. बँकेच्या कामाला तालुक्याला जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. एसटी मध्येच थांबत नाही आणि स्टँडवरच्या मुतारीची अवस्था मी तुम्हाला सांगायला नको. कांदा काढणीला जाणंही सोडलं. उघड्या रानात दर अर्ध्या तासाला आडोसा कुठे शोधायचा? रोज बुडाला तो बुडालाच. कुणी म्हणालं साखर झाली असेल. तपासली, तर साखर नव्हती. कुणी म्हणालं लघवीत जंतू असतील. तीन वेळा गोळ्या खाऊन झाल्या. वर्ष गेलं. शेवटी सोनोग्राफी झाली तेव्हा कळलं, लघवीच्या पिशवीला काहीच झालेलं नाही. गाठ आहे गर्भपिशवीला.

त्यांना विचारूनच हे सांगतेय. नाव मात्र घेत नाही.

आपल्या ओटीपोटात जागा थोडी आणि बिऱ्हाडं तीन. पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भपिशवी, मागे शौचाचा मार्ग. एसटीच्या तिघींच्या बाकावर मधल्या बाईने मांडीवर पोतं घेतलं की दोन्हीकडच्या दोघी आवळतात ना, तसंच इथे होतं. गाठ पुढच्या बाजूला वाढली तर लघवीच्या पिशवीत जागाच उरत नाही. थोडी भरली की लगेच जावं लागतं, रात्रीही दोन-तीनदा उठावं लागतं. कधी उलटं होतं, लघवी अडूनच बसते. मागच्या बाजूला वाढली तर शौचाला साफ होत नाही, कंबर भरून येते. मग आपण चूर्ण घेत बसतो. मोठी गाठ शिरांवर दाबली तर पाय सुजू शकतात.

सगळ्यात फसवा दाब असतो तो किडनीकडून येणाऱ्या नळीवरचा. दोन्ही किडन्यांतून एकेक बारीक नळी लघवीच्या पिशवीत उतरते. मोठी गाठ बाजूला सरकून त्या नळीवर दाबली की लघवी मागे तुंबते आणि किडनी फुगते. कित्येकदा काहीच दुखत नाही, त्यामुळे बाईला पत्ताही लागत नाही. म्हणून मोठी गाठ निघाली की डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं, "किडनीवर सूज आहे का?" सोनोग्राफीत ते दिसतं.

सोनोग्राफी म्हणजे दिवस गेल्यावरच करायची, असं अजून पुष्कळ जणींना वाटतं. आणखी एक घोटाळा होतो. गाठीमुळे गर्भपिशवी केवढी वाढली हे डॉक्टर गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. "बारा आठवड्यांएवढी आहे" असं ऐकून एक विधवा बाई दवाखान्यातच रडायला लागली होती. ते फक्त माप आहे, बायांनो.

या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. त्या बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात. त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. पाळी गेल्यावर त्या सहसा आकसतात. पण पाळी गेल्यानंतर गाठ वाढायला लागली, अंगावरून रक्त गेलं, किंवा पोट सतत फुगलेलं राहून दोन घासांतच भरल्यासारखं वाटायला लागलं, तर थांबायचं नाही. अंडाशयाचा कॅन्सरही असाच गुपचूप येतो आणि सगळ्यांना तो गॅसच वाटतो.

आता पिशवी काढण्याचं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न गाजला तेव्हा सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. तेव्हापासून आपल्याकडे दोन टोकं झालीत. एक म्हणते, "काढून टाका, कटकट जाईल." दुसरी म्हणते, "मेले तरी काढणार नाही." मला दोन्ही पटत नाहीत. गाठ केवढी आहे, कुठे आहे, कशावर दाबतेय, वय काय, मूल हवंय का, यावर ते ठरतं. नुसती गाठ काढून पिशवी ठेवता येते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काढायचीच असेल तर अंडाशय ठेवणार की तेही काढणार, हेही विचारा. तरुण वयात अंडाशय गेले तर पाळी जाण्याचे त्रास लगेच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात.

मावशींनी हे सगळं विचारलं. वय ४६, मुलं मोठी, गाठ नारळाएवढी, एका किडनीला सूज. त्यांनी पिशवी काढायचं ठरवलं, अंडाशय ठेवले. खर्चासाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच भेटून, रेशन कार्ड आणि आधार दाखवून, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते पाहिलं. तीन महिने जड उचलायचं नाही म्हणून पाणी सून आणायची. सुनेची कुरकुर मीही ऐकली. असो.

या महिन्याच्या बैठकीला उपकेंद्राच्या सिस्टर येणार आहेत. लघवीची तक्रार चारचौघींत बोलवत नसेल तर अर्धा तास आधी या, त्या एकेकीशी आत बसून बोलणार आहेत. जुने रिपोर्ट असतील तर पिशवीत घालून आणा, नीट घडी करून नको, तसेच आणा. नमस्कार.