अभ्यासकांचे रोमा



‘जिप्सी’ हे नाव रोमा समाजाला इतरांनी दिले, आणि तेही गैरसमजातून. ही माणसे इजिप्तमधून आली असावीत, असे युरोपने गृहीत धरले होते. १७८२ साली हाले येथील योहान रूडिगर या अभ्यासकाने एका रोमा स्त्रीकडून काही वाक्ये मिळवून ती हिंदुस्थानी भाषेशी ताडून पाहिली, आणि या भाषेचे मूळ भारतात असल्याचे प्रतिपादन केले. नाक, कान, पाणी, माणूस हे शब्द रोमानी भाषेत थोड्याफार फरकाने आजही नांदत आहेत. सात, आठ, नऊ हे आकडे मात्र ग्रीक आहेत. वाटेतील दीर्घ मुक्कामाची ती खूण. या समाजाच्या दैन्याचा दोष रूडिगरने त्याचा छळ करणाऱ्यांवर ठेवला होता.

परंतु युरोपात गाजला तो रूडिगर नव्हे, हाइनरिष ग्रेलमान. त्याचा ग्रंथ १७८३ साली निघाला आणि लवकरच इंग्रजी-फ्रेंच भाषांतरांतून सर्वत्र पोहोचला. आदल्याच वर्षी हंगेरीत नरभक्षणाच्या आरोपावरून चाळीसहून अधिक रोमांना देहान्त शासन झाले होते. कबुलीजबाब छळ करून घेतलेले होते आणि ज्यांना खाल्ले म्हणून सांगितले ती माणसे पुढे जिवंत निघाली. वृत्तपत्रांतील ती हकिकत ग्रेलमानच्या ग्रंथात शिरली. ग्रंथाला एकदा प्रतिष्ठा लाभली की त्यातील वावड्यांनाही प्रामाण्य येते. पुढील शतकभर लेखक एकमेकांचे उतारे घेत राहिले. रोमांच्या वस्तीत पाऊल टाकण्याची निकड फारच थोड्यांना वाटली.

तथापि वस्तीत जाणे म्हणजे सहृदयता, असेही नव्हे. रॉबर्ट रिटर या जर्मन वैद्याच्या हाती १९३६ साली बर्लिनमध्ये वंशविषयक संशोधनाचे केंद्र आले. त्याची सहकारी एफा युस्टीन हिला रोमानी भाषा येत होती. तिच्या बोलण्याने घरोघरचे दरवाजे उघडत. वंशावळी लिहून घेतल्या गेल्या, डोक्यांची मापे घेतली गेली, छायाचित्रे काढली गेली. सुमारे चोवीस हजार माणसांविषयी ‘शास्त्रीय’ अभिप्राय तयार झाले. बहुसंख्य रोमा ‘मिश्र रक्ताचे’ आणि म्हणून गुन्हेगारीकडे झुकणारे, हा रिटरचा निष्कर्ष. भारतीय मुळाचा शोध कसा उलटला पाहा! शुद्ध ते मूळचे आर्य ठरले, आणि जिवंत माणसे भ्रष्ट.

युस्टीनला १९४३ मध्ये डॉक्टरेट मिळाली. तिचा विषय होता आईबापांपासून तोडून वाढवलेली सिंती-रोमा मुले. त्यांतील बरीच मुले मुल्फिंगन येथील अनाथालयात होती. प्रबंध पुरा होईपर्यंत त्यांची पाठवणी थांबली. मे १९४४ मध्ये सुमारे चाळीस मुलांना आउश्वित्झला नेण्यात आले. जगली ती बोटांवर मोजण्याइतकी. युद्धानंतर रिटर आणि युस्टीन या दोघांनाही फ्रँकफुर्टच्या आरोग्यखात्यात नोकरी मिळाली. शिक्षा कोणालाच झाली नाही.

आणि ती टिपणे? तीही निवृत्त झाली नाहीत. वंशावळी, मापे, छायाचित्रे एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. त्यांच्या आधारे युद्धोत्तर काळातही लेखन चालू राहिले. १ सप्टेंबर १९८१ रोजी सिंती-रोमा कार्यकर्त्यांनी ट्यूबिंगन विद्यापीठाच्या दप्तरखान्यात ठाण मांडले. त्यांत छळछावण्यांतून वाचलेली माणसेही होती. ज्या कागदांच्या जोरावर नातलग मारले गेले ते संशोधकांच्या कपाटात का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्याच दिवशी ते कागद कोब्लेन्झच्या संघीय अभिलेखागाराकडे रवाना झाले. पुढच्या वर्षी पश्चिम जर्मनीने या वंशसंहाराला अधिकृत मान्यता दिली.

मराठी वाचकाला या कथेत काही ओळखीचे वाटावे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या जमातींवरची पुस्तके दीर्घकाळ इतरांनीच लिहिली. लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये आले, तेव्हा कुठे मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत आतला आवाज ठळकपणे उमटला. ‘द पॅराया सिंड्रोम’ हा रोमा भाषाशास्त्रज्ञ इयन हँकॉक यांचा ग्रंथही १९८७ चाच.

जुनी सवय मात्र सहजी सुटत नाही. २०२१ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी रोमांच्या आनुवंशिकतेवरील साडेचारशेहून अधिक निबंध तपासले. कित्येक ठिकाणी नमुने देणाऱ्यांची संमती नीट घेतल्याचे दिसेना. आणि कोणाला रोमा म्हणायचे, हे पुष्कळदा संशोधकांनीच परस्पर ठरवून टाकलेले होते.