काउंटीच्या शाळेत अडीच वर्षं

(शिक्षक-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेतलं शिक्षण'. मी त्यांना म्हटलं, एवढा विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तिकडच्या एका सरकारी शाळेत अडीच वर्षं सातवी-आठवीला गणित शिकवलं, तेवढंच मला माहीत आहे. समोर जिल्हा परिषदेचे, उर्दू शाळांचे इतके शिक्षक बसलेत. त्यांच्यापुढे शिकवण्यावर बोलणं हा जरा आगाऊपणाच. माझी अम्मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवत होती. तीही तिसऱ्या रांगेत बसली आहे, त्यामुळे जपून बोलतो.

मी शिक्षक कसा झालो? नोकरी गेली म्हणून. २०२१च्या सुरुवातीला कंपनीने आमची अख्खी टीम काढली. व्हिसावर असलेल्या माणसाला नवी नोकरी शोधायला साठ दिवस मिळतात. मला मिळाली नाही. बायकोच्या व्हिसावर तिचा नवरा म्हणून गेलो आणि कामाच्या परवान्याची वाट बघत बसलो. परवाना आला तेव्हा शाळा पुन्हा उघडत होत्या आणि शिक्षक मिळत नव्हते. आम्ही मेरीलँडमध्ये राहायचो. बोटांचे ठसे, क्षयरोगाची तपासणी, माझ्या बी.ई.च्या गुणपत्रिकांचं मूल्यमापन एवढं झालं आणि मी बदली शिक्षक म्हणून वर्गात उभा राहिलो. पुढे अटीवरचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं. शिकवणं शिकायचं ते संध्याकाळच्या कोर्सला, आणि खरं म्हणजे मुलांकडून.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मेरीलँडमध्ये २३ काउंट्या आहेत आणि बाल्टिमोर शहर वेगळं. म्हणून शाळांचे जिल्हेही २४च. प्रत्येकाचं एक शिक्षण मंडळ. शाळेचे पैसे मुख्यतः राज्याकडून आणि काउंटीकडून येतात आणि काउंटीच्या उत्पन्नात घरपट्टीचा वाटा मोठा. श्रीमंत काउंटी, श्रीमंत शाळा, असा सरळ हिशोब. राज्य तो थोडाफार सावरतं.

प्रवेशासाठी पालकाला पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो, नागरिकत्वाचा नाही. १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांनाही सरकारी शाळेत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला होता, म्हणजे एका मताने. माझ्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांपैकी कुणाकडे कागद आहेत, हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायची मुभाही नव्हती. मी स्वतः मात्र परवान्याची तारीख बघून दिवस मोजत होतो.

आता मुद्द्याचं. ही माझ्या चुकीची गोष्ट आहे.

वर्गात होंडुरासहून आलेला तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही. अबोल. मला नुसतं 'मिस्टर' म्हणायचा. तिकडून आलेली बरीच मुलं अशीच हाक मारतात, आडनाव न लावता, आपल्या 'सर'सारखं. पहिल्या चाचणीत भागाकाराची उदाहरणं होती. त्याने उत्तरं लिहिली होती, मधल्या पायऱ्या नव्हत्या. पायऱ्यांना तिकडे गुण असतात, आणि आम्हा इंजिनिअर लोकांना तर पायऱ्या फारच प्रिय. मी गुण कापले. मनात आलं, शेजाऱ्याचं बघून लिहिलं असणार. शाब्दिक उदाहरणं त्याने कोरी सोडली होती. तिथे शून्य. एकूण निकाल, नापास.

इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेत वेगळ्या शिक्षिका असतात. आमच्या त्या बाई मधल्या सुट्टीत त्याचा पेपर घेऊन माझ्याकडे आल्या. सोबत तो. त्यांनी त्याला फळ्यावर एक मोठा भागाकार घातला. तो वजाबाक्या मनातल्या मनात करत गेला, खाली फक्त बाकी लिहीत गेला, आणि माझ्या आधी उत्तर काढून बाजूला उभा राहिला. लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत असाच भागाकार शिकवतात. मग बाईंनी माझं शाब्दिक उदाहरण वाचलं. एका मुलीकडे इतके क्वार्टर आणि इतके डाइम आहेत, तर एकूण पैसे किती? त्यांनी मला विचारलं, "याला डाइम कुणी सांगितलाय?" डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. त्यावर दहाचा आकडासुद्धा नसतो, नुसतं 'वन डाइम' लिहिलेलं असतं. देशात येऊन त्याला दोन महिने झाले होते.

मी म्हटलं, मी सगळ्यांना तोच पेपर दिला होता. मला वाटलं होतं, हेच माझ्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र.

त्या हसल्या नाहीत. लाऊ विरुद्ध निकोल्स वाचा, एवढं म्हणाल्या. घरी जाऊन वाचलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारे १,८०० चिनी मुलं अशी होती की ज्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यासाठी वेगळी मदतही मिळत नव्हती. त्यांच्या पालकांनी खटला भरला. शाळांचं म्हणणं माझ्यासारखंच होतं : पुस्तकं तीच, शिक्षक तेच, अभ्यासक्रम तोच. १९७४ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं, की ज्या मुलाला भाषाच समजत नाही त्याला तेच पुस्तक देण्याला समान वागणूक म्हणता येत नाही. आधार होता १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा.

मी त्याचे गुण दुरुस्त केले. शब्दकोश आणि जास्तीचा वेळ हा त्याचा हक्कच होता, मी मेहरबानी करत नव्हतो. वर्षाअखेरीला तो वर्गात पहिला वगैरे आला, असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. बरा पास झाला. पण पायऱ्या दोन्ही पद्धतींनी लिहायला लागला आणि एकदा फळ्यावर माझी चूक काढली.

दुसऱ्या दोन गोष्टी पटकन सांगतो, कारण नंतर कुणीतरी विचारणारच. अपंग मुलांसाठी १९७५चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक मुलाचा स्वतंत्र लेखी आराखडा होतो. आईवडील टेबलाशी बसतात आणि त्यात लिहिलेलं शिक्षकावर बंधनकारक असतं. दुसरं, नमाज-रोजाचं काय? शाळेने प्रार्थना घ्यायची नाही, हे १९६२ पासून ठरलेलं आहे, कुठल्याच धर्माची नाही. मुलाने आपापली केली, वर्गाला त्रास झाला नाही, तर अडवायचंही नाही. रमजानमध्ये रोजा असलेल्या मुलांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवत नसे, म्हणून मी दुपारी माझा वर्ग उघडा ठेवायचो. तिथे इथिओपियाची एक ख्रिश्चन मुलगीही येऊ लागली, तिचाही उपवासाचा काळ होता. आणि दोन टवाळ मुलं, निव्वळ शांतता मिळते म्हणून. तुमचा रोजा आहे का, असं मुलं विचारायची. हो किंवा नाही एवढंच सांगायचं, पुढचं प्रवचन द्यायचं नाही. मला तो नियम आवडला.

अम्मीला फोनवर डाइमची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, यात नवीन काय? पहिलीत आलेली पोरं घरात दखनी बोलायची. पुस्तक शुद्ध उर्दूत. ती पहिले सहा महिने दखनीतच शिकवायची. साहेब तपासणीला आले की तेवढ्यापुरतं उर्दू. कायदा नव्हता, शब्दकोश नव्हता, तिला जे दिसत होतं त्यावरून ती करत होती.

आपल्या राज्यघटनेचं कलम ३५० क म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी. प्राथमिक टप्पा संपतो, मग? गावात उर्दू शाळा सातवीपर्यंत. मुलगी आठवीला मराठी हायस्कूलमध्ये जाते. तिला 'मुसल्लस' येतो, फळ्यावर 'त्रिकोण' लिहिलेला असतो. 'ज़ाविया' येतो, सर 'कोन' म्हणतात. सगळ्यात वाईट 'कसर'. उर्दूत कसर म्हणजे अपूर्णांक आणि मराठीत कसर म्हणजे उणीव, नाहीतर काटकसर. जून-जुलैत ती गप्प बसते. सर म्हणतात, उर्दूवाल्यांचं गणित कच्चं असतं. दिवाळीपर्यंत तिलाही ते पटतं. नववीत घरी बसलेल्या अशा मुली तुमच्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असतील. माझ्या सख्ख्या मावसबहिणी आहेत. त्यांचे शिक्षक दुष्ट नव्हते. त्यांनी सगळ्यांना तोच पेपर दिला होता.

पालकांबद्दल एक सांगतो. आमच्या काउंटीत त्या बाईंचं पद अर्थसंकल्पात कापायला निघाले होते. शिक्षण मंडळाच्या जाहीर सुनावणीत प्रत्येकाला मोजकी मिनिटं मिळतात. साफसफाईची कामं करणाऱ्या आया रात्री दुभाषा घेऊन उभ्या राहिल्या. पद वाचलं, पण अर्धवेळ. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला. कागदावर हे मेरीलँडपेक्षा भारी आहे. तुमच्या शाळेत या समितीच्या सह्या बैठकीत होतात की शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो, ते मी इथे विचारत नाही, चहाच्या वेळी सांगा.

मी सोडलं का? पैसे. शिक्षकाचा पगार माझ्या जुन्या पगाराच्या निम्म्याहून कमी होता आणि पेन्सिली, वह्या खिशातून आणायच्या. २०२४ मध्ये सरकार त्यातले ३०० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करू देत होतं, एवढाच दिलासा. शिवाय दर काही महिन्यांनी बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची कवायत व्हायची. दिवे घालवून अठ्ठावीस मुलांना कोपऱ्यात दडवून बसायचं. त्या दिवसांनंतर मला रात्री झोप यायची नाही. २०२४च्या जूनमध्ये राजीनामा दिला आणि वर्षअखेरीला आम्ही पुण्याला परत आलो.

आणखी एक कबूल करायला हवं. मी ज्या शाळेत शिकवत होतो, तिच्या हद्दीत आम्ही घर घेतलं नव्हतं. तिथले आपले सगळे सॉफ्टवेअरवाले आधी शाळेचं रेटिंग बघतात, मग भाडं. आम्हीही तेच केलं. अम्मीनेही मला तिच्या शाळेत घातलं नव्हतं, तालुक्याच्या खासगी शाळेत घातलं होतं. आणि आज माझी मुलगी पुण्यात खासगी इंग्रजी शाळेत आहे. इथे आल्यावर मला कुणी हे विचारेल या भीतीने मी दोन दिवस उत्तर जुळवत होतो. जुळलं नाही.

गेल्या जूनपासून दर शनिवारी मी गावाकडच्या मराठी हायस्कूलच्या आठवीतल्या अकरा मुलामुलींना ऑनलाइन गणित शिकवतो, सगळी उर्दू सातवीतून आलेली. त्यांच्यासाठी दोन रकान्यांचा एक तक्ता केला आहे. डावीकडे उर्दू संज्ञा, उजवीकडे मराठी, खाली एकेक सोडवलेलं उदाहरण. उर्दूचा रकाना अम्मीने हाताने लिहिला आहे. मराठीचा मी केला, त्यात चुका असतील. मागच्या टेबलावर साठ प्रती ठेवल्या आहेत. हायस्कूलचे गणिताचे शिक्षक आले असतील, त्यांनी जाण्यापूर्वी लाल पेनाने दुरुस्त करून एक प्रत माझ्याकडे परत द्यावी.