पट आणि प्रत



तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेच्या शाळेविषयी बोलताना एक सोपे त्रैराशिक मांडले जाते : शाळेची प्रत खालावली, म्हणून पट घटला, पट घटला, म्हणून शाळा बंद करावी. यातील पहिले पाऊलच तपासून पाहिले पाहिजे.

‘असर’ अहवालांतील ग्रामीण भारताचे आकडे पाहा. लहान गावातील पालकाचा संसार त्याहून फारसा निराळा नाही. सहा ते चौदा वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. महामारीत रोजगार बुडाले आणि २०२२ मध्ये ते ७२.९ वर गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा ६६.८ वर आले. आता वाचनाकडे वळू. सरकारी शाळेतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. हा आकडा अभिमानाचा नव्हे. परंतु प्रत सुधारत असतानाच पट घटला, हे त्यातून स्पष्ट होते. पट हा शाळेच्या गुणवत्तेपेक्षा कुटुंबाच्या कमाईचा आरसा अधिक आहे.

असे असता शिक्षकांची पदे मात्र पटावरूनच ठरतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक. म्हणजे पहिली ते पाचवीचे पाच वर्ग आणि शिकवणारे दोघे. त्यांतील एकजण पोषण आहाराचा हिशेब व ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतलेला. पालक हे पाहतो, पोटाला चिमटा घेतो आणि मुलाला खासगी शाळेत घालतो. मग पट आणखी घटतो व उरलेल्यांची प्रत खरोखरच ढासळते. मागे राहतात त्या मजुरांच्या मुली.

शासनाचे धोरणही आत्मविसंगत आहे. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा समूह शाळांत विलीन करण्याचा प्रस्ताव आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैमध्ये रद्द ठरवली. जी शाळा हिशेबात परवडत नाही, तीच गरिबाला हक्क नाकारताना पुरेशी कशी ठरते?

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळा पद्धतीचा आग्रह धरला होता. तो आपण ठरावांत जपला, व्यवहारात नाही. कार्यकर्त्यांनी आता तीन कामे हाती घ्यावीत. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. या समितीची बैठक खरोखर भरते की नाही, ते पाहावे. पटावर वर्गागणिक शिक्षक मिळावा, अशी मागणी लावून धरावी. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात शाळेसाठी किती तरतूद झाली व किती खर्ची पडली, हे दरवर्षी विचारावे.

आणि चौथे, जे सर्वांत अवघड आहे : आपली मुले, नातवंडे याच शाळेत घालावीत. ज्या बाकावर आपले मूल बसत नाही, त्या बाकासाठीचा आपला लढा लोक खरा मानणार नाहीत.