भिंतीवरच्या वेली आणि आपला श्वास



उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि कार्यालयांच्या दर्शनी भिंतींवर हल्ली हिरवळ चढू लागली आहे. ती डोळ्यांना बरी वाटते. पण तिच्या नावाने ‘हवा शुद्ध होते’ असंही सांगितलं जातं. ते किती खरं आहे आणि कुठे खरं आहे, याचा हिशेब आज तुमच्यासमोर मांडायचा आहे.

हवेतल्या धुळीत सगळ्यात घातक असतात ते पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपल्या केसाची जाडी ५० ते ७० मायक्रॉन असते. त्यामुळे हे कण नाकात अडत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी असं सांगितलं. आपल्या देशाचं मानक ४० आहे.

वेल यात काय करते? वारा पानाला घासून जातो तेव्हा त्यातले कण पानावरची लव, शिरांच्या खाचा आणि मेणाचा थर यांत अडकतात. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू पर्णरंध्रांतून आत शिरतात. ऑक्सफर्डमध्ये रहदारीच्या रस्त्यांलगतच्या जुन्या भिंतींवरची आयव्ही वेलीची पानं संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांवर बारीक कणांचा दाट थर दिसला. पान धूळ पकडतं, याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो किती पकडतं, याचा.

आपण ढोबळ गणित करू. हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी हवेत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम बारीक कण आहेत आणि ते सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने पानावर बसतात, असं धरू. मग पानाच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे १० मिलिग्रॅम कण बसतील. १०० चौरस मीटर भिंतीवर पानांचे तीन थर असले, तर दिवसाला ३ ग्रॅम. आता दुसरी बाजू पाहा. भारत स्टेज ३ मानकाच्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे ०.०५ ग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. म्हणजे एवढी मोठी भिंत दिवसभर जे अडवते, ते अशी एक जुनी मोटार ६० किलोमीटरांत बाहेर टाकते. वेलींनी शहराची हवा स्वच्छ होईल, ही आशा या गणितात टिकत नाही. ब्रिटिश सरकारच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञ गटानेही २०१८ मध्ये असाच निष्कर्ष काढला: शहरभराच्या प्रदूषणावर झाडाझुडपांचा परिणाम थोडाच होतो.

तरीही मी वेलींच्या बाजूने बोलायला उभा आहे, कारण आपण श्वास शहरभराच्या सरासरीचा घेत नाही. आपण तो बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी, पेठेतल्या अरुंद रस्त्यावर घेतो. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यासारख्या, दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या रस्त्यात वारा वरून निघून जातो आणि खालची हवा आतल्या आत फिरत राहते. तीच हवा पुन्हापुन्हा भिंतींना लागते. २०१२ मध्ये बर्मिंगहॅम आणि लँकेस्टरच्या शास्त्रज्ञांनी अशा रस्त्यांचं गणिती प्रारूप केलं. भिंती हिरव्या केल्या तर नायट्रोजन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत आणि धूलिकण ६० टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असं त्यातून निघालं. हे प्रारूपातले, अनुकूल परिस्थितीतले कमाल आकडे आहेत; प्रत्यक्ष रस्त्यावर तेवढी अपेक्षा धरू नये. पण त्यांतून मिळणारी दिशा मोलाची आहे. अशा रस्त्यात दाट झाडांचं छत झालं तर धूर खालीच कोंडतो. वेल भिंतीला लागून चढते, वाऱ्याची वाट अडवत नाही.

आता आपल्या हवामानाकडे वळू. आपल्याकडे हवा सर्वांत वाईट होते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि नेमका त्याच काळात पानं धुणारा पाऊस नसतो. धुळीने भरलेलं पान नवीन कण धरत नाही, उलट जोराच्या वाऱ्यात धरलेले सोडून देतं. म्हणून हिवाळ्यात पानं टिकवणारी वेल हवी आणि ती अधूनमधून धुवायला हवी. गुळवेल औषधी खरी, पण कोरड्या दिवसांत ती पानं टाकते. संक्रांतवेल जानेवारीतही भरगच्च हिरवी असते आणि वर फुलते. थोडं पाणी मिळालं तर मधुमालतीही चांगली दाटते.

चढण्याची रीतही पाहायला हवी. डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या चढण्यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात आधाराला वेढे घालणाऱ्या, ताणे फेकणाऱ्या आणि मुळांनी चिकटणाऱ्या वेली त्याने वेगळ्या केल्या. मधुमालतीला तार लागते, संक्रांतवेलीच्या ताण्यांना जाळी लागते. अंजिराच्या कुळातली चिकटवेल मात्र थेट भिंतीवर चढते, म्हणून ती तडे गेलेल्या गिलाव्यावर लावू नये.

आणि वेलीचं मूळ जमिनीत असू द्या. हिरव्या भिंतींसाठी पॅनेलही बसवतात, पण त्यांतल्या रोपांना मूठभर माती मिळते आणि ती पंप, वीज व ठिबक यांवर जगतात. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात एका बालकेंद्रावर २००६ मध्ये उभारलेली अशी भिंत २००९ मध्ये वाळून गेली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तिथे पॅनेल किती तग धरतील? जमिनीत खोल मूळ गेलेली वेल दोन-तीन उन्हाळ्यांनंतर बरीचशी स्वतःच्या बळावर जगते.

पाऊस येण्याआधी तयारीला लागा. सुरुवात शाळांपासून करा. रस्ता आणि मैदान यांच्यामधल्या कुंपणाला जाळी लावा आणि वेल जमिनीपासून दाट होऊ द्या, कारण मोठ्यांपेक्षा मुलांची नाकं मोटारींच्या धुराड्यांच्या उंचीला जास्त जवळ असतात. महापालिका हिरव्या भिंतीची निविदा काढेल तेव्हा विचारा: मूळ कशात आहे, तिसऱ्या वर्षी पाणी कोण घालणार, पानं कोण धुणार? त्याच वेळी हेही विचारा की जुन्या डिझेल गाड्या, उघड्यावर जाळला जाणारा कचरा आणि न झाकलेली बांधकामं यांचं काय केलं. धूर कमी करणं हे माणसांचं काम आहे. ते आपण केलं, तर उरलेल्यातला थोडा भार वेल नक्की उचलेल.